थेल्मा गारसाइडचा पट्टा

थेल्मा गारसाइडचा जबडा नवऱ्याने दोनदा मोडला. पहिल्यांदा तिने शेजारणीला सांगितलं, जिन्यावरून पडले. दुसऱ्यांदा सांगायला तोंडच उघडत नव्हतं. तिसरी पाळी यायच्या आत तिने फ्लीटवुडचं घर सोडलं. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला होता. बोट बंदराला लागली तेव्हा थेल्मा मोरकॅमला मिसेस रॉथवेलच्या घरी पाहुण्यांच्या चादरी धूत होती.

समुद्रासमोरचं ते चार मजली घर तेव्हा उन्हाळ्यात पैसे देऊन उतरणाऱ्या पाहुण्यांनी भरून जायचं. नवरा शोधत शोधत तिथेही आला. पायऱ्यांवर उभा राहून तिच्या नावाने ओरडायला लागला. थेल्मा हातातला लोखंडी तवा घेऊनच बाहेर आली आणि तिने तो त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं, दोन दात पायरीवर पडले. तो खाली बसला तरी ती मारतच राहिली. शेवटी मिसेस रॉथवेलने मागून तिला कंबरेला धरून ओढलं.

"अगं, पुरे! मेला तर फाशी तुला होईल, त्याला नाही!"

"आता फाशी देत नाहीत," थेल्मा धापा टाकत म्हणाली.

नवरा त्यानंतर पुन्हा दिसला नाही. पण गोष्ट गावभर झाली आणि महिन्याभरात किनाऱ्यावरच्या नाचघराच्या मालकाने तिला बोलावून घेतलं. दारू प्यायलेल्या बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि पुरुष पहारेकऱ्यांना त्यांच्या अंगाला हात लावता येत नव्हता. त्याला दारावर एक बाईच हवी होती.

थेल्मा त्या दारावर वीस-बावीस वर्षं उभी राहिली. सहा फुटांना थोडी कमी, खांदे गोदी कामगाराचे, उजव्या हाताची बोटं इतक्यांदा मोडलेली की मूठ उघडली तरी पुरती सरळ होत नसे. गाव तिला मोठी थेल म्हणायचं. तिच्यात एकच खोट होती आणि ती तिलाही ठाऊक होती. मारामारी सुरू करणं तिच्या हातात असे, थांबवणं नसे. एकदा हेशमच्या एका दांडगटाला तिने आडवा केला, आणि तो बेशुद्ध झाल्यावरही तिला बाजूला काढायला तीन माणसं लागली. मालक तिला आत नेऊन म्हणाला, "थेल, तो कधीच झोपला होता." ती म्हणाली, "मला दिसलं नाही." ते खरं होतं. त्या वेळी तिला समोर दुसरंच तोंड दिसायचं.

पाहुणे यायचे कमी झाले तेव्हा मिसेस रॉथवेलने घराचे चार फ्लॅट केले. दुसऱ्या मजल्यावरचा, समुद्राकडचा तिने थेल्माला दिला, चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने. थेल्माने साठवलेलं सगळं त्यात घातलं. चाळीस वर्षांनी फ्लॅट पुन्हा मूळ मालकाचा होणार, हे तिला वकिलाने सांगितलं होतं. पण तिशीतल्या बाईला चाळीस वर्षं म्हणजे काय! तिला दिसलं ते एवढंच, की दाराला आतून जाड कडी आहे आणि ती लावायची-काढायची आपल्या हातात आहे.

वर्षं गेली. नाचघर बंद पडलं, थेल्मा एका शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायला लागली, मग तेही सुटलं. मिसेस रॉथवेल वारली आणि इमारत तिच्या पुतण्याकडे आली. क्लाइव रॉथवेल हा प्रेस्टनला जुन्या गाड्यांचा धंदा करायचा. अंगावर कायम स्वच्छ कोट, आवाज मऊ. त्याला इमारत रिकामी हवी होती. किनाऱ्यावर पुन्हा पैसा येतोय अशी बोलवा होती आणि त्याला तिथे हॉटेल काढायचं होतं.

पहिल्याच भेटीत तो थेल्माच्या खुर्चीत न विचारता बसला.

"अकरा वर्षं राहिलीत तुमची, मिसेस गारसाइड."

"कसली?"

"पट्ट्याची. तुम्हाला काय वाटलं?" तो हसला. "तेव्हा तुम्ही सत्तरीच्या असाल. त्या वयात सामान उचलणं जड जातं. आत्ता निघालात तर गाडीचं भाडं मी देतो."

"ऊठ माझ्या खुर्चीतून," थेल्मा म्हणाली.

तो उठला, पण जाताना दारातल्या आरशाला त्याचा खांदा असा लागला की आरसा खाली पडून फुटला. "अरेरे," म्हणून तो गेला.

तळमजल्यावर एक जोडपं राहायचं. त्यांच्या दारावर रोज सकाळी कोणीतरी लघवी करून जायचं. मग त्यांच्या खिडकीतून वीट आली, ती पाळण्याच्या शेजारी पडली. आठवड्यात ते निघून गेले. पहिल्या मजल्यावरची मास्तरीण त्याच्या आधीच गेली होती. उरले दोघं. एक थेल्मा आणि दुसरा सर्वांत वरचा विल्फ डकवर्थ.

विल्फ बसचा कंडक्टर होता, आता निवृत्त. सिगारेटींनी छातीचा पार चोथा झालेला. दर सहा पायऱ्यांवर थांबून श्वास घ्यायचा आणि त्या थांब्यावर विनोद करायचा. दोघं रोज दुपारी एकत्र चहा प्यायचे आणि एकमेकांना शिव्या घालायचे.

"तुला काय, तू अकरा वर्षं जगणारच नाहीस," थेल्मा म्हणाली.

"म्हणून तर मी निश्चिंत. तू मात्र घोड्यासारखी आहेस. तुला म्हातारपणी किनाऱ्यावरच्या बाकावर झोपावं लागणार. वकिलाकडे जा, बये. पट्टा वाढवून मिळतो म्हणतात."

ती लँकेस्टरला मलिकबाईंकडे गेली. नाझिया मलिक चाळिशीची, ब्लॅकबर्नकडची, बोलायला चटपटीत.

"तुमचं नाव ऐकलंय मी," मलिकबाई म्हणाल्या. "माझा मामा एकदा तुमच्या नाचघराच्या दारातून थेट रस्त्यावर आला होता. पायऱ्यांना न शिवता."

"मग त्याने काहीतरी केलं असेल."

"केलं होतंच." मग मलिकबाई गंभीर झाल्या. "हे बघा. पट्टा वाढवून द्या असं मागायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. आहेत त्यावर आणखी नव्वद वर्षं. आपण रीतसर मागणी द्यायची, त्यात आपली रक्कम लिहायची. मालकाने दोन महिन्यांत लेखी उत्तर दिलं तर घासाघीस होईल. नाहीच दिलं, तर आपण म्हटलेल्या रकमेला कोर्ट त्याला सही करायला लावतं."

"तो देईल उत्तर."

"देईल बहुतेक. पण त्याआधी तो तुम्हाला डिवचेल. तुमच्या पट्ट्यात अट आहे, इमारतीत दंगा केला तर पट्टा मोडावा म्हणून मालक कोर्टात जाऊ शकतो. तेच त्याला हवंय. म्हणून दोन्ही हात खिशात ठेवायचे. त्याने काहीही केलं तरी."

"काहीही?"

"काहीही, मिसेस गारसाइड."

क्लाइव पुढच्या वेळी इमारतीत आला तेव्हा थेल्माने मागणीचा कागद जिन्यातच त्याच्या हातात दिला. वर विल्फ कठड्याला धरून श्वास घेत उभा होता. क्लाइवने कागद वाचला, चार तुकडे केले आणि ते थेल्माच्या तोंडावर फेकले.

"नाचघरातली दांडगी मला कायदा शिकवणार?"

"मी बघितलं हं, साहेब!" विल्फ वरून ओरडला. "फाटताना आवाजही छान आला!"

त्याच कागदाची प्रत मलिकबाईंनी टपालाने क्लाइवच्या प्रेस्टनच्या पत्त्यावर पाठवली होती आणि त्याच्या माणसाने सही करून ती घेतलीही होती. पण क्लाइवने वकील गाठला नाही. थेल्मा महिन्याभरात पळेल याची त्याला खात्री होती. त्याच्याकडे त्या कामाला एक माणूस होता, लेनी नावाचा. मान नसलेला, हातावर कुत्र्याचं तोंड गोंदवलेलं.

लेनीने आधी जिन्याचा कठडा तोडला, म्हणजे विल्फला धरायला काही राहू नये. मग सांडपाण्याच्या नळात सिमेंट ओतलं. दोन दिवसांनी थेल्माच्या न्हाणीतून घाण उलटी वर आली आणि स्वयंपाकघरापर्यंत पसरली. ती गुडघ्यांवर बसून बादलीने उपसत होती तेव्हा दाराच्या पत्रं टाकायच्या फटीतून काहीतरी आत ढकललं जात होतं. पांढरी पिसं, मग रक्ताळलेली मान, मग पंख. मान पिरगाळलेला समुद्रपक्षी अख्खा त्या फटीतून यायला वेळ लागला. बाहेर लेनी शीळ घालत होता.

थेल्मा दाराकडे धावली. कडीवर हात गेला. दार उघडलं तर तो बाहेर दोन फुटांवर आहे, पाठमोरा, हे तिला माहीत होतं. कानाच्या मागे एक ठोसा पुरला असता. तिने हात मागे घेतला आणि तीच मूठ भिंतीवर इतक्या जोरात मारली की गिलावा पडला. संध्याकाळी विल्फने तिच्या बोटांना पट्टी बांधली.

"भिंतीने काय केलं होतं तुझं?"

"गप बस."

"मी म्हणतो, आणखी किती दिवस?"

"वकीलबाई म्हणतात तोवर."

मग ते मागच्या अंगणात झालं. भर दुपारी थेल्मा कचरा टाकायला गेली होती. लेनीने मागचं फाटक लावून घेतलं. क्लाइव भिंतीला टेकून उभा होता, कोट घडी करून हातावर घेतलेला.

"कागद मागे घेतला असं लिहून दे," तो म्हणाला.

"नाही."

लेनीने तिच्या पोटात मारलं. थेल्मा वाकली, सरळ झाली आणि तिने दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले. लेनीला ते कळेना. त्याने क्लाइवकडे पाहिलं.

"मार की!" क्लाइव म्हणाला. "ती मारेल, मारेल. हिला ओळखतो मी."

लेनीने तोंडावर मारलं. थेल्मा कचऱ्याच्या डब्यांवर पडली, पण हात खिशातून काढले नाहीत, म्हणून गालावरच आपटली. तो लाथा मारत असताना आपल्या बरगड्या मोडल्याचं तिला आतून ऐकू आलं. खिशात तिच्या नखांनी तळहात फाटले. लेनीच थांबला शेवटी.

"साहेब, ही बाई मरेल," तो म्हणाला. "आणि मारतपण नाहीये परत. मला नाही जमत असं."

तो फाटक उघडून निघून गेला आणि क्लाइवकडे पुन्हा कामाला आला नाही. पोलिसांनी थेल्माचा जबाब घेतला. क्लाइव म्हणाला, मी त्या दिवशी प्रेस्टनला होतो. त्याच्या कामगारांनी होकार दिला. लेनी सापडला नाही. गोष्ट तिथेच राहिली.

बरगड्या भरत आल्या तेव्हा मलिकबाईंचा फोन आला. "मुदत संपली, मिसेस गारसाइड! त्याच्याकडून एक ओळही आली नाही. आणखी नव्वद वर्षं आपण म्हटलेल्या रकमेला मिळणार. मी कोर्टात अर्ज करते आणि त्यालाही कळवते. विल्फ डकवर्थांची साक्ष मात्र लागेल. कागद त्याच्या हातात पडला हे त्यांनी बघितलंय."

विल्फने त्या दिवशी कपाटातली जुनी शेरीची बाटली काढली. "माझ्या साक्षीला!" म्हणून त्याने एवढीशी प्यायली आणि खोकून खोकून निळा झाला. थेल्मा त्याच्या पाठीवर थापट्या मारत हसत होती. हसताना बरगड्या दुखत होत्या.

क्लाइव आला तो मलिकबाईंचं पत्र मिळाल्या दिवशी. त्याने एव्हाना वकील गाठला होता आणि वकिलाने त्याला सांगितलं होतं की आता उशीर झाला. टपालाची पावती होतीच, पण क्लाइवच्या डोक्यात तो वर उभा असलेला म्हातारा बसला होता. त्याच्या हातात गाडीतली लोखंडी पहार होती. थेल्माच्या दाराशी तो थांबलाच नाही, सरळ वर गेला.

थेल्माला आधी विल्फचा आवाज आला. "या, या, साहेब. चहा..." मग काहीतरी फुटलं. मग विल्फ ओरडला. त्याच्या छातीत एवढा आवाज उरला असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा क्लाइव विल्फला गळपट्टीला धरून जिन्याच्या टोकाशी आणत होता.

"काय बघितलंस तू? सांग! काय बघितलंस?"

"तुझी... लायकी," विल्फ म्हणाला.

क्लाइवने त्याला सोडून दिलं. कठडा नव्हता. विल्फ पायऱ्यांवरून गडगडत थेल्माच्या पायाशी येऊन पडला. पाय उलट्या दिशेला वळलेला. तोंड उघडं, पण श्वास आत जात नव्हता.

मलिकबाईंचे शब्द थेल्माला आठवले नाहीत असं नाही. ती पुढे सांगायची, मला आठवले आणि मी वर गेले.

क्लाइवने पहार उचलली. तिने ती डाव्या हातावर घेतली, हाड मोडलं. उजव्या हाताने तिने त्याच्या तोंडावर एक मारली आणि त्याचा तो स्वच्छ कोट लाल झाला. दुसरी घशावर. त्याच्या हातातून पहार सुटली. तो भिंतीला धरून खाली बसला आणि हात वर करून म्हणाला, "बास, बास." हे वाक्यही तिला ऐकू आलं होतं. तिने पहार उचलली आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर घातली. मग पुन्हा. हाड वाळक्या फांदीसारखं मोडलं. तिसऱ्या फटक्याला तो ओरडायचाही थांबला. तिला मागे ओढायला कोणीच नव्हतं. खालून विल्फचा हात तिला दिसला, पायरीवर टकटक करणारा. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो बोटाने पायरी वाजवत होता. तेव्हा तिने पहार टाकली, खाली जाऊन विल्फचं डोकं मांडीवर घेतलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. दोघांसाठीही.

विल्फचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याने इस्पितळाच्या खाटेवरून साक्ष दिली, ऑक्सिजनचा मुखवटा काढून, एकेक शब्द. क्लाइवला त्याबद्दल शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवून त्याला घरी पाठवलं. पायामुळे त्याची दया आली असावी. थेल्माने गुन्हा कबूल केला. न्यायाधीश म्हणाले, "पहिल्या दोन फटक्यांसाठी मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. तो खाली बसल्यावर तुम्ही का थांबला नाहीत?"

"मी कधीच थांबत नाही, साहेब," थेल्मा म्हणाली. या खटल्यात तिच्या बाजूने उभा असलेला वकील डोळे मिटून बसला.

तिला दीड वर्षाची शिक्षा झाली. पट्टा मोडावा म्हणून क्लाइवनेही अर्ज केला, पण मारायला तोच आला होता हे साक्षीत निघालं होतं. कोर्टाने त्याचं ऐकलं नाही. नव्वद वर्षं वाढवून दिलेल्या पट्ट्यावर थेल्माने तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत सही केली. मलिकबाईंनी कागद धरला, कारण डावा हात अजून नीट चालत नव्हता.

"आनंद नाही झाला?" मलिकबाईंनी विचारलं.

"विल्फ कसा आहे?"

मलिकबाईंनी कागद पिशवीत घातले. "परवा गेला. न्यूमोनिया. मला तुम्हाला आधी सही करू द्यायची होती. रागावू नका."

थेल्मा रागावली नाही. ती पहारेकरीण बाईला म्हणाली, मला आत ने. कोठडीत तिने पलंगाचा कठडा धरला आणि तो हलेपर्यंत ओढत राहिली. कोणालाही मारलं नाही.

निम्मी शिक्षा भोगून ती सुटली, तेव्हा मोरकॅमला भरतीची वेळ होती. इमारतीत कोणीच नव्हतं. हॉटेल झालं नव्हतं; मधोमध एक फ्लॅट नव्वद वर्षं अडकलेला असताना क्लाइवला पैसे द्यायला कोणी तयार नव्हतं. जिन्याला नवा कठडा मात्र लावला होता, साध्या लाकडाचा. तिच्या घरात बुरशीचा वास येत होता आणि छतातून स्वयंपाकघरात पाणी गळत होतं.

तिने मालकाला रीतसर कळवलं. छताची जबाबदारी त्याची होती. तो स्वतः आला. काठी टेकत, एकेक पायरी, दर सहा पायऱ्यांवर थांबत. ती दारात उभी राहून बघत होती. त्याला वर यायला मदत केली नाही, आणि दारही लावलं नाही.

"नव्वद वर्षं जगणार आहेस का तू?" तो घाम पुसत म्हणाला.

"बघू."

"तू मला लंगडा केलंस."

"हो."

 थेल्माने डावा हात चोळला. पावसाळी हवेत तो ठणकायचा.

"गुडघ्याचं मी चुकले," ती म्हणाली. "तू बास म्हणाला होतास. मी ऐकलं होतं. तोंडावर मारलं त्याचं मला काही वाटत नाही. पुन्हा मारीन."

क्लाइवने मान खाली घातली. त्याची नजर वरच्या मजल्याकडे गेली आणि लगेच परत आली. विल्फचं नाव त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर काय झालं असतं, ते थेल्मालाही सांगता येत नसे.

"मंगळवारी छपराचे कामगार येतील," तो म्हणाला. "त्यांना चहा द्यायची गरज नाही."

"माझ्या घरात कोणाला चहा द्यायचा ते मी ठरवीन."

तो उतरायला लागला. काठी आधी, मग पाय. तो खालच्या दारातून बाहेर पडेपर्यंत ती उभी राहिली. मग तिने बादली काढून गळतीखाली ठेवली आणि कडी लावली.